उंबऱ्याखालचा गंज

परशुराम घाटात टायर बसला तेव्हा गाडीत आम्ही चौघं होतो आणि मागच्या काचेपाशी खेडच्या लग्नात ओटीत मिळालेले नारळ. पुतण्या पुण्याचा, हौशी. ‘‘आत्या, तू बस सावलीत, मी बदलतो,’’ म्हणत त्यानं जॅक काढला, दाराखाली लावला आणि दांडा फिरवायला घेतला. जॅक वर गेला, गाडी काही वर गेली नाही. आधी कुरकुर झाली, मग पापड मोडावा तसा आवाज आला आणि जॅकचं डोकं दाराखालच्या पत्र्यातून चार बोटं आत शिरलं. पुतण्यानं जॅक खाली घेतला तसा मूठभर तांबडा भुगा डांबरावर सांडला. वरचा मोतिया रंग मात्र उन्हात असा चमकत होता की जाणारे-येणारे गाडी हळू करून फोटो काढत होते.

ही गोष्ट २०२३च्या जानेवारीतली. गाडी १९७४ची, प्रीमियर पद्मिनी. घरात तिला कुणी पद्मिनी म्हणत नाही, फियाटच म्हणतात. कुर्ल्याच्या कारखान्यातून १९६४पासून फियाट ११०० डिलाइट निघत होती. तिचंच नाव पुढे प्रेसिडेंट झालं आणि १९७४ साली पद्मिनी. नाव बदललं म्हणून लोकांच्या तोंडचं नाव बदलत नाही हे वेगळं सांगायला नको. अण्णा, म्हणजे माझे वडील, वकील होते. मुंबईच्या एका गिऱ्हाइकाकडून त्यांनी १९८१ साली ती घेतली आणि खेड, दापोली, गुहागर अशी कोर्टं तिच्यातून केली. हँडलवरचा गिअर, पुढे सलग बाकासारखी सीट, १०८९ सीसीचं इंजिन. गाडी चालवायला मी तिच्यावरच शिकले. अण्णांनी जाताना घर भावाला दिलं आणि गाडी मला. तेव्हा भाऊ हसला होता.

मी हायस्कुलात एकतीस वर्षं गणित शिकवलं. गाडीच्या यंत्रातलं मला कळतं असा दावा नाही. पण त्या भुग्यानंतर पुढच्या पाच महिन्यांत जे पाहिलं, त्यावरून माझं एक मत झालंय आणि ते जरा मोठ्यानं सांगायचंय. जुनी गाडी सांभाळणं म्हणजे आपल्याकडे रंग सांभाळणं झालंय. मालक वरून बघतो, घेणारा वरून बघतो, रॅलीतला परीक्षक बहुतेकदा वरूनच बघतो आणि सरकारही वरूनच बघतं. त्यात कुणी खालचा पत्रा खरोखर बदललाच, तर नियमाची भाषा अशी की त्यालाच आपण काही गैर केलंय की काय असं वाटावं.

तर गाडी टोचन करून खेर्डीला नेली. तिथला डेंटर माझा जुना विद्यार्थी. नाव छापलेलं त्याला आवडणार नाही, कारण पुढे येणारा एक तपशील त्याच्या दहावीच्या भूमितीच्या मार्कांचा आहे. ते पस्तीस होते, आणि त्यातले दोन मी दिलेले. त्यानं गाडी बघितली, वाकला, परत उभा राहिला आणि म्हणाला, ‘‘बाई, चहा घ्या आधी.’’ डॉक्टर अशा आवाजात बोलला की आपण ओळखतो.

मडकं घेताना आपण बोटानं वाजवून बघतो. त्यानं तेच केलं. हातात छोटी हातोडी, आणि गाडीखाली सरपटत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत टकटक. जिथे पत्रा शाबूत तिथे ठण्ण वाजायचं. जिथे गेलेला, तिथे भद्द. मी बाहेर स्टुलावर बसून मोजत होते. ड्रायव्हरच्या बाजूला लागोपाठ अकरा भद्द. मग पेचकस घेऊन तो त्या जागा टोचत गेला आणि पेचकस बाराएक ठिकाणी दांड्यापर्यंत आत गेला.

इथे थोडं शिकवते, सवय आहे. ट्रकला खाली दोन लांब तुळया असतात, त्यावर इंजिन, त्यावर केबिन, त्यावर हौदा. ती खरी चासी. आमच्या फियाटला अशी चासी नाहीच. पन्नासच्या दशकात इटलीत ही गाडी नव्यानं घडवली तेव्हाच तुळया काढून टाकल्या आणि पत्र्याच्या सगळ्या अंगालाच भार वाहायला लावलं. जमीन, दोन्ही बाजूच्या दाराखालच्या पोकळ पट्ट्या, खांब, छत असं सगळं मिळून एक खोकं. कागदपत्रांत मात्र तिलाही ‘चासी नंबर’ आहे, ती गंमत वेगळी. दाराखालच्या त्या पोकळ पट्टीला गॅरेजवाले रनिंग बोर्ड म्हणतात. मी तिला उंबरा म्हणते, कारण आहे ती उंबराच, आणि घराच्या उंबऱ्यासारखंच तिच्यावर पाय ठेवण्यापलीकडे कुणाचं लक्ष जात नाही.

बुटांचा रिकामा खोका घ्या. झाकण चिकटपट्टीनं बंद करून पिळायचा प्रयत्न करा, पिळवटत नाही. आता झाकण काढून पिळा. तोच पुठ्ठा, तेवढाच जाड, पण हातात नुसता वाकतो. उंबऱ्याचं हेच होतं. त्याची खालची बाजू गंजानं खाल्ली की बंद खोक्याची उघडी पन्हळ होते आणि पिळाला तोंड द्यायची तिची ताकद थोडी कमी होत नाही, जवळजवळ जातेच. मग गाडी खड्ड्यात एका चाकानं उतरली की दार आपोआप करकरतं. माझं डाव्या बाजूचं मागचं दार तीन वर्षं करकरत होतं. मी बिजागरीला तेल घालत होते.

आणि हा गंज आला कुठून? मला वाटलं, पुरानं. २२ जुलै २०२१ला चिपळुणात वाशिष्ठी शिरली ते महाराष्ट्रानं टीव्हीवर पाहिलं. आमच्या अंगणात गाडीच्या स्टिअरिंगपर्यंत पाणी होतं. पाणी उतरल्यावर आम्ही इंजिनाची काळजी केली. तीनदा ऑइल बदललं, कार्ब्युरेटर उघडला, डायनमो वाळवला, सीटा गच्चीवर उन्हात ठेवल्या. महिन्याभरात गाडी सुरू झाली तेव्हा पेढे वाटले. खाली कुणीही वाकलं नाही. उंबऱ्याच्या तळाला निचऱ्यासाठी भोकं असतात, ती पुराच्या गाळानं बुजली होती. आतला गाळ दीड वर्ष ओलाच राहिला. ओली माती, हवा आणि लोखंड, शिवाय आमच्या हवेत खाडीचं थोडं मीठ. लोखंडाला आणखी काय लागतं? गंज झाला की तो मूळ लोखंडापेक्षा कितीतरी पट जास्त जागा घेतो, म्हणून जिथे दोन पत्रे एकमेकांवर ठिपक्या-ठिपक्यांनी जोडलेले असतात तिथे आतून फुगून ते जोड उसवतो. भिंतीत पिंपळ रुजावा तसा.

पण डेंटरनं पुराला अर्धंच दोषी धरलं. ‘‘बाई, हा जुना आहे. कुणीतरी झाकलेला.’’ त्यानं ग्राइंडर लावला. वरून जाड काळं रबरासारखं कोटिंग होतं, ते सोलून निघालं. त्याखाली लांबी, म्हणजे पुट्टी. त्याखाली फायबरच्या जाळीचा तुकडा. आणि त्याखाली, पत्रा असायला हवा होता तिथे, राळेत बुडवून ठासून भरलेला वर्तमानपत्राचा बोळा. राळेमुळे अक्षरं टिकली होती. लंडन ऑलिंपिकची बातमी. म्हणजे ऑगस्ट २०१२, म्हणजे भाचीच्या लग्नासाठी आम्ही गाडी रंगवून घेतली होती ते दिवस. कुठल्या गॅरेजात ते सांगत नाही. त्यांनी जे केलं ते दहातले सात जण करतात, आणि मुख्य म्हणजे मीच त्यांना सांगितलं होतं की लग्नाला आठ दिवस आहेत, गाडी चमकली पाहिजे. ती चमकली. मी पैसे दिले आणि वर शंभर रुपये बक्षीस दिलं.

ते काळं कोटिंग हे दुखणं झाकण्याचं सर्वात लाडकं औषध आहे. शाबूत, स्वच्छ पत्र्यावर पातळ मारलं तर उडणाऱ्या खडीपासून ते वाचवतं, यात वाद नाही. पण गंजावर मारलं की ते ओलावा आत कोंडतं, आणि वरून छान काळंभोर दिसत असल्यामुळे पुढची दहा वर्षं कुणी बघतही नाही. माझ्या मते जुनी गाडी विकायला काढताना तिला खालून नवंकोरं काळं कोटिंग मारलेलं असेल, तर किंमत कमी करायला सांगावी.

आता प्रश्न होता की काय करायचं. मागच्या चाकाचे पाटे पुढच्या टोकाला जिथे बॉडीत बसतात ती जागासुद्धा एका बाजूला कुजली होती. ती सुटली तर मागचा आख्खा एक्सल एका बाजूनं सरकला असता, आणि ते घाटात. पुढच्या सीटला मी हौसेनं बसवून घेतलेले पट्टे ज्या पत्र्यात आवळले होते तो पत्रा पेचकसानं फाटत होता. म्हणजे पट्टा लावून मी सुरक्षित बसत होते असं मी समजत होते एवढंच.

वहिनीचं म्हणणं, ‘‘खालचं कुणाला दिसणार आहे? वरून रंग तेवढा मारून घ्या.’’ शेजारचे एक काका म्हणाले, जाडजूड पत्रा ठोकून टाका, पन्नास वर्षं बघायला नको. तेही चूक. पातळ पत्र्याला जाड पत्रा जोडायला गेलं की वेल्डिंगच्या आचेनं पातळ पत्रा जळून भोक पडतं आणि जोड तिथेच कच्चा राहतो. डेंटरनं शाबूत तुकडा मोजला आणि जमिनीसाठी २० गेजचा सीआर (कोल्ड-रोल्ड) पत्रा आणला. हा जेमतेम ०.९ मिलिमीटर. उंबऱ्याच्या आतल्या पट्टीला १८ गेज. जस्ताचा मुलामा दिलेला का नाही, असं मी विचारलं, कारण छपराच्या पत्र्याला गंज येत नाही एवढं मला माहीत. तर म्हणाला, त्यावर वेल्डिंग केलं की जोडावरचं जस्त जळूनच जातं आणि त्याचा धूर छातीत गेला की रात्री थंडी वाजून ताप येतो. ‘‘एकदा आलाय. परत नको.’’

मग कापायचा दिवस. माझी समजूत अशी की सगळा सडका भाग एकदम कापून टाकायचा. त्यानं हातातलं खाली ठेवलं, टेप माझ्या हातात दिली आणि म्हणाला, ‘‘बाई, दाराच्या चौकटीचे कर्ण घ्या.’’

मी त्याच्याकडे बघत राहिले. चौकोनाच्या चारही बाजू बदलल्या नाहीत तरी तो कलू शकतो आणि कलला की एक कर्ण वाढतो, दुसरा घटतो, हे मी याच मुलाला फळ्यावर तीनदा काढून दाखवलं होतं. तेव्हा तो खिडकीबाहेर बघत होता. आता त्याच्या वहीत चारही दारांच्या चौकटींचे कर्ण मिलिमीटरमध्ये लिहिलेले, तारखेसह. चौकट धड आयत नसते, त्यामुळे दोन कर्ण सारखे असायचं कारण नाही, पण कापण्याआधी जेवढे होते तेवढेच नंतर राहिले पाहिजेत. चौकटीत त्यानं आडवा-तिरपा लोखंडी अँगल तात्पुरता जोडला, गाडी घोड्यांवर अशी ठेवली की भार चाकांच्या जागीच राहील, आणि एकावेळी एकच बाजू उघडली. उंबरा कापलेली गाडी मधूनच खाली बसते. तशीच बसलेल्या अवस्थेत नवा उंबरा जोडला तर दार जन्मभर लागत नाही. अशा गाड्या तुम्ही पाहिल्या असतील. दार लागावं म्हणून मालक ते हातानं उचलून लावतो आणि म्हणतो, जुनी आहे, एवढं चालायचंच.

त्याआधी दोन दिवस त्यानं नुसती गाडी रिकामी केली होती. सीटा, मॅट, खालचं फेल्ट, आवाज दबावा म्हणून चिकटवलेल्या डांबरी चादरी. पेट्रोलची टाकी काढून लांब आंब्याखाली नेऊन ठेवली. ब्रेकच्या नळ्या आणि वायरिंग सोडवून बाजूला. बॅटरी काढली. वेल्डिंग करताना शेजारी ओल्या गोणपाटांची बादली आणि एक पोरगा, ज्याचं काम एवढंच की पत्र्याच्या पलीकडच्या बाजूनं धूर येतो का बघत बसायचं. मी अनेक गॅरेजं पाहिली आहेत जिथे हे काहीही न करता टाकीपासून दोन हातांवर ठिणग्या उडत असतात.

जमिनीच्या पत्र्याला लांब पन्हळी असतात, त्या उगाच नाहीत. सपाट पत्रा थरथरतो, पन्हळीचा ताठ राहतो. आपल्या गोठ्यावरचा पत्राही म्हणूनच नालीदार. या गाडीचा तयार तळ आमच्या बाजारात मिळाला नाही. त्यानं वाळूच्या पिशवीवर पत्रा ठेवून, जाड पाइप आणि लाकडी हातोड्यानं एकेक पन्हळ उठवली. एका पन्हळीला अर्धा दिवस. जुना कुजका तुकडा शेजारी ठेवून ताडून बघत होता. वेल्डिंगही सलग नाही. इथे एक टाका, मग तिथे हातभर अंतरावर दुसरा, मग थांबायचं, गार होऊ द्यायचं. सलग ओढलं तर पत्रा तापून लाटेसारखा उठतो. मला दर वेळी वाटायचं की हा मुलगा वेळ काढतोय. रजई शिवताना आई आधी लांब टाचे घालायची ते आठवलं आणि गप्प बसले.

मग तारेच्या ब्रशनं घासणं, आतल्या ज्या कोपऱ्यांत ब्रश जात नाही तिथे गंजावरचं आम्लाचं द्रावण, मग जस्ताचा प्रायमर, रेड ऑक्साइड, सांध्यांवर सीलर, तळाला रंग. अखेरीस उंबऱ्याच्या पोकळीत नळी घालून मेणाचं तेल फवारलं. काळं कोटिंग फक्त चाकांच्या कमानीत, आणि तेही पातळ. नव्या पत्र्यावर आतल्या बाजूला, कुणाला दिसणार नाही अशा जागी, त्यानं आकड्यांच्या छिन्नीनं ठोकलं: ५-२३. मी म्हटलं, हे कशाला? म्हणाला, ‘‘पुढच्या मिस्त्रीला कळायला नको का, कुठलं जुनं आणि कुठलं माझं?’’ अकरा वर्षांपूर्वी बोळा भरणाऱ्यानंही तारीख ठेवलीच होती म्हणा, छापील.

खर्च बासष्ट हजार झाला. रंगाचं काम त्यात नाही. हिशेब देताना तो एक वाक्य बोलला ते मी वहीत लिहून ठेवलंय. ‘‘रंगाचे पैसे लोक हसत देतात, खालच्या कामाचे भांडून.’’ म्हणूनच हे काम येणारी माणसं कमी होत चाललीत. हल्लीच्या गाडीचा भाग ठोकून सरळ करण्यापेक्षा बदलणं सोपं, त्यामुळे पत्रा घडवायला शिकायचं कारणच उरत नाही. त्याच्याकडे दोन पोरं आहेत. एकाला मोबाइल दुरुस्तीत जायचंय.

आता सरकारकडे वळते. २०२४मध्ये गाडीची नोंदणी पाच वर्षांसाठी पुन्हा करायची होती. फी पाच हजार, ती भरली, तक्रार नाही. तपासणीला गाडी घेऊन गेले. दिवे, हॉर्न, वायपर, धुराचा दाखला. चासी नंबरवर कागद ठेवून पेन्सिल घासून छाप घेतला. माणूस सभ्य होता, त्यानं गाडीचं कौतुकही केलं. पण खाली कुणी वाकलं नाही. आता म्हणाल, तुमची तर दुरुस्त झाली होती, तुम्हाला काय? मला हे की पाच वर्षांआधी, २०१९मध्ये, उंबऱ्यात ऑलिंपिकचा बोळा असताना, ती अशाच तपासणीतून अशीच पास झाली होती. तीच गाडी, तोच शेरा. नापास होणारं काही त्या तपासणीत बघितलंच गेलं नव्हतं.

त्याच सुमारास मला कुणी सुचवलं की गाडीला पन्नास वर्षं झाली, आता व्हिंटेज म्हणून नोंदवा. २०२१च्या जुलैमध्ये केंद्रानं त्याचे नियम काढलेत. नंबरात ‘व्हीए’ अक्षरं मिळतात, फी वीस हजार, नोंदणी दहा वर्षांची. रोजच्या वापराला मात्र ती गाडी काढता येत नाही; प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढ्यासाठीच. मला रविवारी गाडीतून गुहागरला जायचं असतं, त्यामुळे तो विषय तिथेच संपला असता. पण व्याख्या वाचली आणि अडखळले. गाडी मूळ स्वरूपात राखलेली हवी आणि चासी, बॉडी शेल किंवा इंजिनात बदल करणारी मोठी दुरुस्ती तिच्यावर झालेली नसावी, असा तिचा आशय आहे.

जिच्यात चासी आणि शेल एकच आहे, त्या गाडीचा तळ आणि उंबरे बदलणं म्हणजे शेलमध्ये बदल की नाही? शब्दशः वाचणारा अधिकारी ‘हो’ म्हणू शकतो. आणि मग चित्र असं की बोळा भरून वर रंग फासलेली गाडी मूळ स्वरूपातली, आणि कर्ण मोजून, तसाच पत्रा घडवून, तारीख ठोकून उभी केलेली गाडी संशयित. नियम करणाऱ्यांचा हेतू मला कळतो. दोन गाड्यांचे अर्धे तुकडे जोडून एक करणारे, नव्या गाडीवर जुनं अंग चढवणारे लोक आहेत, त्यांना अडवायचं असेल. अडवाच. पण त्या वाक्यात ‘मूळ नमुन्याबरहुकूम केलेली दुरुस्ती हा बदल नव्हे’ एवढं घालायला काय हरकत होती? ब्रिटननं ते केलंय. तिथे २०१८च्या मे महिन्यापासून चाळीस वर्षांवरच्या गाड्यांना वार्षिक तपासणी माफ आहे, गेल्या तीस वर्षांत मोठा बदल झालेला नसेल तर. मोठा बदल म्हणजे काय, याच्या मार्गदर्शनात स्पष्ट म्हटलंय की चासी किंवा अखंड बॉडी मूळच्याच नमुन्याची बसवली तर तो मोठा बदल धरायचा नाही. आणि ज्या गाड्यांची तपासणी होते, त्यांच्या सीटच्या पट्ट्यांच्या किंवा सस्पेन्शनच्या जोडापासून ३० सेंटिमीटरच्या आत पत्रा गंजून कमकुवत झालाय का, हे तिथे बघितलं जातं. माझी गाडी तिथे तपासली गेली असती तर दोन्हीकडे नापास झाली असती. आणि बरं झालं असतं.

कोकणात हे समजावून सांगायला लागू नये खरं तर. आपण घरं शाकारणारी माणसं. पावसाआधी कौलं उतरवायची, फुटकी बदलायची, कुजलेला रीप काढून दुसरा घालायचा, आणि घर आजोबांचंच राहायचं. अशी शाकारणी झाली म्हणून ‘हे घर आता मूळचं नाही’ असं कुणी म्हटलं असतं तर त्याला वेड्यात काढलं असतं. उलट जिथे जुन्या देवळाला बाहेरून ऑइल पेंट आणि आतून बाथरूमच्या टाइल्स लावतात, तिथे आपण त्याला जीर्णोद्धार म्हणतो आणि पाटी लावतो. गाड्यांच्या बाबतीत आपण दुसऱ्या जातीचे झालोत.

माझं मागणं फार मोठं नाही. जुन्या खासगी गाडीची नोंदणी वाढवताना ती एकदा रॅम्पवर चढवावी किंवा खड्ड्यावर उभी करावी, आणि खाली उतरून एका माणसानं दहा मिनिटं छोटी हातोडी चालवावी. यंत्र नको, संगणक नको. जिथे भद्द वाजेल तिथे खडूची खूण करावी आणि मालकाला सांगावं, हे करून आणा. आणि करून आणल्यावर त्याची नोंद गाडीच्या कागदांत दुरुस्ती म्हणून व्हावी. माझ्याकडे कापलेले तुकडे पोत्यात आहेत, रोजचे फोटो आहेत, कर्णांचे आकडे आहेत. घ्यायला कुणी नाही.

जाता जाता गतिरोधकांबद्दल, कारण गाडीच्या पोटाला सर्वात जास्त मार त्यांचाच. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मार्गदर्शनाप्रमाणे गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असावा, म्हणजे पसरट, ताशी पंचवीसनं आरामात ओलांडता येईल असा. आमच्या वाटेवर एक आहे तो मी फूटपट्टीनं मोजला. उंची १९ सेंटिमीटर, रुंदी हातभर. रस्त्यात ओंडका पुरल्यासारखा. दुरुस्तीनंतर दुसऱ्याच महिन्यात त्यानं सायलेन्सरचा पाइप चेपला. तिथले ग्रामस्थ म्हणतात, पोरं शाळेत जातात. बरोबर आहे, ती माझ्याच शाळेत जातात. म्हणून मी आता तिथे गाडी तिरपी घालते, एकेक चाक चढवत. मागचे हॉर्न वाजवतात.

गाडीचा रंग अजून केलेला नाही. उंबऱ्यावर दोन्ही बाजूंनी रेड ऑक्साइडचा तांबडा पट्टा आहे आणि डावं मागचं दार एका कोपऱ्यात सोललेलं. फोटो काढणारे कमी झालेत. वहिनी अजून विचारते. दार मात्र करकरत नाही, आणि एका बोटानं लागतं.

यंदा पहिला जोराचा पाऊस झाला त्या संध्याकाळी गाडी अंगणात घेतली आणि उंबऱ्याखाली बॅटरीचा उजेड टाकून बघितलं. एका बाजूला सात भोकं आहेत. सहांतून पाणी ठिबकत होतं, स्वच्छ. सातव्यात खराट्याची काडी घातली, थोडी माती आली, मग तेही वाहायला लागलं.